दारापुढची कोरी जागा

१८ जानेवारी १९९६

आज पुन्हा मुहूर्त! पोंगल संपला न संपला तोच कोपऱ्यावरच्या कल्याण मंडपममध्ये, लग्नाच्या कार्यालयात, नागस्वर सुरू, आणि आमच्या गल्लीत गाड्यांची दाटी. पूर्वी लग्नाला माणसं बसनं यायची. आता ज्याच्या त्याच्याकडे मारुती! एक नवीकोरी सिएलोसुद्धा आली होती, पोरं तिच्या काचेत तोंडं बघत होती. आमच्या दाराला चिकटून मेटॅडोर. दार उघडलं की पहिलं दर्शन तिच्या नंबरप्लेटचं.

वासुकी काल ओरत्तनाडूहून, सासरहून, बाळंतपणाला आली. जावई वैद्यनाथ तिला सोडून परत गेले. ती दारात उभी राहिली, मेटॅडोरकडे बघितलं आणि आत गेली. दोघींना एकच आठवलं असणार.

दोन वर्षांपूर्वी असाच मुहूर्त होता. वासुकीला कळा सुरू, आणि टॅक्सी गल्लीत शिरेना. हॉर्न, आरडाओरडा, ड्रायव्हर कुणाचा कुठं गेलेला. शेवटी यांनी आणि शेजाऱ्यांनी वासुकीला खुर्चीवर बसवून राजवाड्याच्या रस्त्यापर्यंत उचलून नेलं. बाळ राहिलं नाही. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "थोडं आधी आणायला हवं होतं."

या वेळी गाडी दाराशी आलीच पाहिजे. दुसरं मला काही सुचत नाही.

२० जानेवारी

डॅलसहून येऊन महिना झाला, तरी डोळ्यापुढून तिथली गाड्या लावायची जागा हलत नाही. तिथं राहणारा मुलगा शहाजी फोनवर हसतो — "अम्मा, सगळे नायगरा बघून येतात, तूं पार्किंग बघून आलीस!" हसू दे. मी भूगोलाची मास्तरीण. शाळेनं निवृत्त केलं म्हणून नजर निवृत्त होत नाही.

काय ती शिस्त! मैदानाएवढी डांबरी जागा, त्यावर पांढऱ्या रेघा, प्रत्येक गाडी आपापल्या चौकटीत. आणि दुकानाच्या अगदी दाराशी निळ्या खुणेची एक चौकट — पांगळ्या माणसासाठी. दुकान तुडुंब भरलेलं, लोक लांब गाडी लावून उन्हात चालत येतायत, आणि ती चौकट रिकामी! राखण नाही, दोरी नाही. मी शहाजीला थांबवून बघत उभी राहिले. कुणी म्हणजे कुणी तिथं गाडी लावली नाही. मला भरून आलं, खरंच.

तसं तिथंही काही सगळं गोड नाही. समोरच्या दुकानात जायचं तरी गाडी काढायची. मी एकदा चालत निघाले तर एका बाईनं गाडी थांबवून विचारलं, काही मदत हवी का? चालणारी बाई म्हणजे संकटात सापडलेली! आणि घरांची दारं सगळी कोरी. दारापुढं गाडीचा रस्ता, त्यावर एक ठिपका नाही. आपल्याकडे दार कोरं असतं ते घरातलं कुणी वारलं तरच. पहिल्याच आठवड्यात मला राहवेना. सुनेच्या डब्यातलं पीठ घेऊन पहाटे दारात कोलम, आपली रांगोळी, काढलं. शहाजीनं ऑफिसला जाताना त्यावरून गाडी घातली. त्याचा काय दोष? तिथं ती जागा गाडीचीच.

२१ जानेवारी

मंडपमच्या मॅनेजरकडे जाऊन आले. "अम्मा, कल्याणाला आलेल्यांना गाडी काढा कसं म्हणू?" हात जोडून, गोड हसून. गोड हसणाऱ्याशी भांडता येत नाही, हेच वाईट.

२४ जानेवारी

ठरलं! मीच रेघा मारणार. डॅलससारख्या. गल्लीच्या तोंडाशी, जिथं रुंदी आहे तिथं, एका बाजूला चौकटी. लोक चौकटीत लावतील, उरलेली गल्ली मोकळी.

रंग कुणी मारू देणार नाही, म्हणून कोलमचं पीठ. मुहूर्ताच्या पहाटे काढायचं, संध्याकाळी झाडून टाकायचं. यांना सांगितलं. हे निवृत्त झाल्यापासून सकाळभर बाहेरच्या तिण्णैवर, ओट्यावर, पेपर घेऊन बसतात. पेपर खाली न करता म्हणाले, "सगळे अमेरिकेंतून घड्याळें आणतात. तूं रेघा आणलीस."

२५ जानेवारी

फजिती!

पहाटे उठून चौकटी काढल्या. सुतळी ताणून, अगदी सरळ. समोरच्या हिराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "अगे सरस्वती, हें काय काढलीस गे? कोलम कीं शेताचा नकाशा?"

इथंच घोटाळा झाला. चौकटी झाल्या, पण रिकाम्या दिसायला लागल्या. आतमध्ये काही नाही, असं कसं सोडायचं? जन्मभराचा हात. प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक कमळ काढलं. मग कमळ एकटं दिसायला लागलं, म्हणून भोवती वेल. मग हिराबाईंनी काव आणून लाल कड भरली.

वऱ्हाडाच्या गाड्या आल्या. पहिला ड्रायव्हर चौकटीपाशी थांबला, खाली वाकून बघितलं, गाडी मागे घेतली आणि गल्लीत शिरून थेट आमच्या दाराशी लावली. दुसऱ्यानंही तेच. तिसऱ्यानंही! मी धावत जाऊन सांगते, अहो, तुमच्यासाठीच काढलंय, लावा यात! तो कानावर हात ठेवतो — "कोलमवर चाक घालू? नको अम्मा, आज शुभकार्याला आलोय."

गल्ली खच्चून भरली. माझ्या चौकटी तेवढ्या रिकाम्या. हे पेपरच्या आड इतके हसले की पेपर फाटला. वासुकी पोट धरून म्हणते, "अम्मा, हांसवूं नको गे, दुखतें!" किती दिवसांनी हसली पोर. त्यासाठी माझी आणखी दहादा फजिती झाली तरी चालेल.

२६ जानेवारी

पण थांब. चौकटी रिकाम्या राहिल्या. मला रिकामी जागाच तर हवी होती!

२९ जानेवारी

आज मुहूर्त. काल रात्री लवकर झोपले, पहाटे सडा घातला आणि मी व हिराबाई दोघींनी मंडपमच्या कोपऱ्यापासून आमच्या दारापर्यंत गल्लीच्या मधोमध सलग कोलम काढलं. चौकट नाही, सुतळी नाही. ठिपके, त्यांच्याभोवती वळणं, एक संपलं की त्यातूनच दुसरं. बाकीच्या घरांतल्या बायका बघायला आल्या आणि वाकून बसल्या. कुणाला सांगावं लागलं नाही. वासुकीच्या वेळेची सगळ्यांना काळजी आहे, ते मला आज कळलं.

आणि काय सांगू! एक गाडी आत आली नाही. एक नाही! ड्रायव्हर येतात, बघतात, मागे घेतात, पलीकडे जुन्या किल्ल्याच्या खंदकाच्या बाजूला मोकळ्या जागेत लावतात. जडशी रेशमी पट्टुसाडी नेसलेली वरमाईसुद्धा उन्हातून चालत आली, आणि कोलमच्या कडेकडेनं, निऱ्या उचलून, भिंतीला घासत गेली. मॅनेजर माझ्याकडे बघून पुन्हा गोड हसला. या वेळी मीही हसले.

डॅलसच्या निळ्या चौकटीला मी उगाच एवढे नमस्कार केले. नाही, उगाच नाही. ती मोठीच. पण माझ्या गावाची माणसं काही कमी नाहीत. त्यांना रेघ कळत नाही, कोलम कळतं. ज्याला जे कळतं त्यातच सांगावं लागतं, एवढं साधं मला शाळेत इतकी वर्षं घालवूनही नव्यानं शिकावं लागलं.

३ फेब्रुवारी

हिराबाई भावाकडे पापनाशमला गेल्या. वासुकीचे पाय सुजलेत. भीती वाटते. कुणाला सांगत नाही, इथं लिहिते. घरात बाकीचे तमिळच वाचतात, देवनागरी मला एकटीलाच वाचता येते, त्यामुळे या वहीला कुलूप लागत नाही.

५ फेब्रुवारी — इस्पितळात

डबा विसरला, वही मात्र पिशवीत आली!

पहाटे कोलम पुरं झालं आणि आतून वासुकीची हाक. हे टॅक्सीला धावले. मुहूर्ताचा दिवस, मंडपम भरलेला, पण गल्ली स्वच्छ मोकळी! अँबॅसॅडर कोपऱ्यावर आली... आणि थांबली. ड्रायव्हर खाली उतरून कोलमकडे बघत उभा. "अम्मा, यावरून कसं घालू?"

अरे देवा! सगळ्या गावाला शिकवलं, याला शिकवायचं राहिलं!

मी अनवाणी त्या कोलमात शिरले. जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. दोन्ही पायांनी कमळं पुसत, वळणं फरफटत कोपऱ्यापर्यंत गेले. म्हटलं, "आता नाही कोलम. ये!" तो आला. माझ्या मागोमाग, थेट दाराशी.

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. वैद्यनाथ पोचले, सारखे डोळे पुसतायत. हे घरी जायला तयार नाहीत. गेल्या वेळी हे कॉफी आणायला घरी गेले आणि तेवढ्यात ते झालं, म्हणून आता बाकावरून हलत नाहीत. घराला कुलूप आहे. असू दे.

८ फेब्रुवारी

आज दोघींना घरी आणलं. टॅक्सी वळली तर कोपऱ्यावर एकही गाडी नाही. मुहूर्त असून! मंडपममध्ये माणसं भरलेली, पण वाद्यं बंद. ड्रायव्हर लोक टोप्या काढून भिंतीशी उभे. गल्लीतल्या बायका दारादारांत, कुणी पुढं येईना. हिराबाई आमच्या तिण्णैवर, तोंडावर पदर दाबून.

मला कळेना. मग आमचं दार दिसलं. कुलूप, आणि पुढं पायानं पुसलेली, तीन दिवस कोरी राहिलेली जमीन. दार कोरं, म्हणजे घरातलं कुणी गेलं, असंच सगळ्यांनी धरलेलं. गेल्या वेळचं आठवून इस्पितळात येऊन विचारायचा कुणाला धीर झाला नव्हता.

तेवढ्यात पोरीनं भोकाड पसरलं. मी काच खाली करून ओरडले, "वाजवा हो! वाजवा!"