चढणाऱ्यांचा बाक

मु. उलट्या होडीचा बार
३ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

टाच सोलली आहे, बाकी मी शाबूत आहे आणि पोट फुटायच्या बेतात आहे. आईला यातलं फक्त पोटाचं सांग.

या वाटेचा एक नेम आहे, तो मला निघताना कोणी सांगितला नव्हता. वाटेवर जेवढे बार आणि खानावळी लागतील तेवढ्या प्रत्येक ठिकाणी बसायचं, समोर येईल ते खायचं आणि मालक स्वतःच्या तोंडाने निघा म्हणेपर्यंत उठायचं नाही. मला वाटलं होतं, देवाच्या वाटेवर उपास घडतील. इथे तर देवापर्यंत पोचू नये असा सगळ्यांनी मिळून कट केलेला दिसतो.

आजचा बार म्हणजे एक उलटी घातलेली होडी आहे. मालक जुना नावाडी. धरण झालं, नदी सरकली, तेव्हा याने होडी ओढत रस्त्याशी आणली, पालथी घातली आणि कुशीला करवतीने दार पाडलं. दार एवढं ठेंगणं की भलेभले वाकून आत येतात. देवापुढे न वाकणारेही माझ्यापुढे वाकतात, असं तो मला बघून म्हणाला. कोणी माझी चुगली केली, देव जाणे. पूर्वी होडीतलं पाणी उपसायचा त्याच टमरेलाने तो घेवड्याचं सूप वाढतो. सोबत पाव आणि बियर. दुसरं काही मागितलं तर नदी कशी गेली ते पहिल्यापासून सांगतो.

मी त्याला म्हटलं, मला घाई आहे, सव्वीस तारखेला आईच्या घशाचं ऑपरेशन आहे. तो म्हणाला, या वाटेने निवांत माणूस आजवर गेलेला त्याने पाहिला नाही. आणि पुन्हा टमरेल बुडवलं.

बारके, मला अजून हे सगळं खरं वाटत नाही. आमच्या सगळ्या छापखान्याला जन्मभर जेवू घालणाऱ्या बाईने डॉक्टरांसमोर ऑपरेशनला हो म्हणावं, आणि वर अट घालावी की आधी माझ्या दोन पोरांपैकी एकाने माझा जुना नवस चालून फेडावा, मग मी टेबलावर झोपते. तुझं दुकान तुला सोडता येत नाही. राहिलो मी. ज्या देवाला माणसाच्या पायांचे फोड लागतात तो देव मालकांच्या जातीचा, असं युनियनच्या गेटसभेत शंभर वेळा ओरडलेला मी. दुसऱ्या दिवशी मुकाट पिशवी उचलली. आई जगणार असेल तर मी उलटा चालत जाईन.

पत्र पुढच्या पडावावर पाठव. इथले बारवाले चालणाऱ्यांची पत्रं बाटल्यांच्या मागे जपून ठेवतात.

लोभ आहेच, तो घटू देऊ नकोस.
तुझा दादा


८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. टाचेचं आणि देव मालकांच्या जातीचा हे वाक्य गाळलं. टमरेलाला ती एवढी हसली की तिला ठसका लागला आणि मी घाबरले. मग विचारू लागली, घेवडा रात्रभर भिजवलेला होता का, सालं वर तरंगत होती का. आता तू बसून सालं तपासणार आहेस का, हे मी तिला विचारलं. म्हणाली, त्याला छापील मजकुराखेरीज काही तपासायची सवय नाही, पण यावेळी बघायला सांग.

तिची खाट मी दुकानातच आणली आहे, मशीनच्या बाजूला. गिऱ्हाईक विजारी आखूड करायला येतं आणि तिच्याशी गप्पा मारून जातं. गप्पा म्हणजे ते बोलतात, ती मान हलवते. पाणीसुद्धा आता चमच्याने घेते. परवा मी सूप केलं, ते कापडातून गाळलं, तरी अडकलं. वाटी बाजूला सारून तिने मला खूण केली, मीठ कमी आहे. एक थेंब जिभेवर ठेवून तेवढं बरोबर कळतं तिला.

छापखान्यातले येऊन गेले. आमचा भोंगा कुठे हरवला, म्हणून विचारत होते. तू तीर्थयात्रेला गेलास हे सांगितल्यावर फोरमन खुर्चीतून घसरायचाच राहिला.

आता खरं लिहिते. डॉक्टर म्हणाले, सव्वीस चुकली तर मोठ्या सर्जनची तारीख पुन्हा लवकर मिळणार नाही, आणि गाठ कोणासाठी थांबत नाही. तू प्रत्येक दारात जेवत बसलास तर पोचणार कधी? पुलापासून थेट पायथ्यापर्यंत बस जाते, मी चौकशी केली आहे. बसने जा. कोणाला कळणार आहे? रोज हात जोडणारी मी तुला हे सांगते आहे. पाप लागलं तर माझ्या नावावर. तुझा तर विश्वासच नाही, मग तुझं घोडं कशावर अडलंय?

एक चमत्कारिक वाटलं ते लिहून ठेवते. तू वेळेत पोचशील, असं मी तिला म्हटलं तर तिने तोंड भिंतीकडे केलं. थोड्या वेळाने म्हणाली, त्याला टाचेला जप म्हणावं, पळू नकोस. टाचेचं मी सांगितलंही नव्हतं. तुझी चाल तिला इथे बसून दिसते बहुतेक.

दादा, ऐक माझं. रागावू नकोस, पण ऐक.

तुझी, तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
बारकी


मु. दोन खिडक्यांची खानावळ
१३ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मला न्हाव्याच्या बारमध्ये मिळालं. तिथे खुर्ची एकच आहे. दाढी करून घेत प्यायची. साबण लावला की पिता येत नाही, म्हणून तो साबण फार सावकाश लावतो आणि तोवर बाटली संपवायची असते. अर्ध्या फेसातच मी तुझं पत्र वाचलं. तो वस्तरा उचलून थांबला आणि म्हणाला, ओठ थरथरतायत, आधी पत्र संपवा, मी कापणारा माणूस नाही.

आता जिथे आहे तिथे दोघी जावा आहेत. घर एक, खिडक्या दोन, आणि एकमेकींशी बोलणं कायमचं बंद. थोरली सूप करते, धाकटी पाव भाजते. दोघींकडे खाल्ल्याशिवाय सुटका नाही आणि त्यांचे निरोप चालणाऱ्यांनीच इकडून तिकडे न्यायचे. थोरलीने मला सांगितलं, तिला म्हणावं आजचा पाव दगडासारखा आहे, माझ्या सुपाच्या जिवावर लोक गिळतात. मी ते जरा मऊ करून सांगितलं, तर धाकटीने मला जागच्या जागी पकडलं. म्हणाली, ती एवढं गोड बोलणार नाही, खरं काय म्हणाली ते सांगा. दिवसभर मी या खिडकीतून त्या खिडकीत हेलपाटे घालतोय. मालक आणि कामगारांत समेट घडवलेला माणूस मी, इथे हात टेकले. शेवटी चिडून दोघींना ऐकू जाईल असं अंगणात उभा राहून भाषण ठोकलं. माणसाच्या जिवाची किंमत काय, आणि तुमच्या भांडणाची काय. दोघींनी शांतपणे ऐकलं. मग दोन्ही खिडक्यांतून एकेक ताटली पुढे आली. एवढं बोललात, भूक लागली असेल.

निघा असं एकीने म्हटलं की दुसरी थांबा म्हणते. मी रागाने रडायच्या बेतात होतो, बारके. तारीख डोळ्यांपुढे नाचते आहे आणि मी पाव चावतो आहे.

बसचं. तू लिहिलंस ते मी मनात हजारदा करून पाहिलं. पुलावर बस समोर उभी होती, दार उघडं होतं. माझी श्रद्धा नाही, हे खरं. पण शब्द माझा आहे. मी जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका खोडत आलो, आता आईच्या समोर बसून खोटा मजकूर वाचू? ती विचारणार, तिसऱ्या बारमध्ये काय वाढलं. तिच्या तोंडाकडे बघून मी काय बनवून सांगू? आणि श्रद्धाळू लोक देवाला फसवतात, ते देव समजून घेतो म्हणे. मला समजून घेणारा कोणी नाही. मी चालत जाईन आणि वेळेत जाईन. सकाळी लवकर निघतो, अंधार पडेपर्यंत चालतो, बारमध्ये भराभर खातो. पाय सुजलेत, ते माझं मी बघीन.

घेवड्याची सालं तरंगत नव्हती. तेवढं तिला सांग.

माझ्या हट्टासकट माझ्यावर लोभ असू दे.
तुझा दादा


१४ मार्च

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र पायथ्याच्या बारच्या पत्त्यावर टाकायला शेजारच्या मुलीकडे दिलं आहे. बारकी कपडे पोचवायला गेली आहे, तेवढ्यात लिहिते. तिला सांगू नकोस. ती रडली की शिवण वाकडी येते आणि मग पुन्हा उसवत बसते.

पाठ ताठ ठेवून वाच. तू लहानपणी वाकून वाचायचास.

डॉक्टरांना मी हो म्हणाले ते बारकीमुळे. तिने माझा हात धरला होता आणि तो हात थरथरत होता. त्या हाताला नको कसं म्हणायचं? पण डॉक्टर जे बोलले ते मी नीट ऐकलं. घशाला भोक राहणार. बोलणं जाणार. जेवण नळीने थेट पोटात. असं करून दोन-तीन वर्षं मिळतील म्हणाले. नाही केलं तर हिवाळ्यापर्यंत.

मी एवढी वर्षं चाखल्याशिवाय एक पातेलं चुलीवरून उतरवलं नाही. आता एक थेंब जिभेवर ठेवते, तेवढ्यात मला सगळं कळतं. तेवढं एक राहिलं आहे. ते देऊन वर्षं घ्यायची मला नाहीत. पण तोंडावर नको म्हणायची माझ्यात धमक नाही. आपल्या घरात नको म्हणायचं काम नेहमी तू केलंस.

म्हणून मी नवस काढला. मला खात्री होती, नवस म्हटलं की तू आकाशपाताळ एक करशील, महिनाभर भांडशील, तारीख निघून जाईल आणि कोणाचंच मन मोडणार नाही. नवस खोटा नाही. तुझ्या वडिलांच्या आजारपणात बोलले होते. तो फळला नाही, म्हणजे फेडायचा प्रश्नच नव्हता. पण तू ते विचारलंही नाहीस. सकाळी उठले तर तू दारात वहाणा घालत होतास. एवढी वर्षं तुझ्या तोंडाला घाबरले, त्या दिवशी तुझ्या गप्प बसण्याला घाबरले.

आता तू पोचलास की मला टेबलावर जावं लागणार. शब्द दिला तो मी मोडणार नाही, तुझीच आई आहे. थांब असं सांगायला हे लिहिलेलं नाही. तसं मला म्हणताच येत नाही, तिथेच तर सगळं अडलं. फक्त तुला माहीत असावं.

त्या दोघी जावांच्या पावाला नक्की पीठ फुगायला वेळ मिळत नसेल. भांडणात लक्ष असलं की असंच होतं. तू तिकडे पोचशील, असा अंदाज करून लिहिते. तिथलं बारकीने मला गिऱ्हाइकाकडून ऐकून सांगितलं होतं.

जपून खा. जपून चाल. माझी माया आहेच.
आई


मु. पायथ्याचा बार
१९ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

आईचं पत्र सोबत पाठवतो आहे. तुला सांगू नकोस असं तिने लिहिलं आहे, पण तसं वचन मी दिलेलं नाही. आधी ते वाच, मग हे वाच. मशीन बंद कर आणि वाच.

वाचलंस ना.

मी वाटेतल्या शेवटच्या बारमध्ये बसलो आहे. मालकीण सुईण होती. तिच्याकडे बाक दोन आहेत, एक चढणाऱ्यांचा आणि एक उतरलेल्यांचा. ती दारात प्रत्येकाला एवढंच विचारते, चढताय की उतरलात. चढणाऱ्यांना गरम पाणी आणि कोरडा पाव. उतरलेल्यांना वाइन, अंडी, चीज, मागाल ते. मी दुपारी आलो, चढतोय म्हणालो, कोरडा पाव घेतला आणि तिने बाटल्यांच्या मागून हे पत्र काढून दिलं. सव्वीसला आठवडा आहे. मी वेळेत आलो, बारके. खिडकीतून पायऱ्या दिसतात, फार नाहीत. म्हातारे लोक चढून जातायत.

आधी मला पळत वर जावंसं वाटलं. पत्र मिळालंच नाही म्हणायचं, टपाल गहाळ होतंच. ती शब्द पाळेल, ऑपरेशन होईल, आई राहील. बोलेल की नाही, खाईल की नाही, पण खाटेवर असेल. मला ती हवी आहे. तुला जेवढी हवी आहे तेवढीच हवी आहे, हे तू यापुढे कधी विसरू नकोस, माझ्यावर कितीही रागावलीस तरी.

उठलो. पिशवी उचलली, दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. पाय सुजलेत म्हणून नाही.

गेटवर दमदाटी करून घेतलेल्या सह्या आपण कधी मानल्या नाहीत. मालक कागद नाचवायचा आणि मी स्टुलावर चढून ओरडायचो, भिऊन केलेली सही म्हणजे सही नव्हे. आईची ही सही कशी घेतली गेली? तुझ्या थरथरत्या हाताने आणि माझ्या चालण्याने. दोघांनी प्रेमाने घेतली, पण दमदाटीच झाली. प्रत्येक पायरी मी तिच्या मानेवर पाय ठेवून चढणार होतो. हे बरोबर आहे असं मला ठामपणे म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला म्हणता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काय बोलतोय ते मलाच पटत नाही, आणि तरी मला दुसरं काही करता येत नाही.

सुईण संध्याकाळपर्यंत उतरलेल्यांना वाढत राहिली. मग येऊन म्हणाली, तुम्ही चढतही नाही आणि उतरतही नाही, मी तुम्हाला वाढू काय? मी सांगितलं, मी परत चाललोय. ती म्हणाली, कोणाकडे? आईकडे, म्हणालो. तिने पाण्याचा पेला उचलला, बाक पुसला आणि म्हणाली, मग बसलात कशाला, निघा.

पायथ्याच्या बसने येतो आहे. पत्र माझ्या आधी पोचेल, टपालाची गाडी पहाटे सुटते. आईला सांग, दादा पोचला नाही. हे खोटं नाही, पहिल्या पायरीच्या अलीकडेच मी थांबलो. ती शब्दातून सुटली, हे मात्र तू तिला तुझ्या तोंडाने सांग. माझ्याकडून ऐकलं तर तुला काय वाटेल याचीच काळजी ती करत बसेल.

तुला तिच्याशी भांडून तिला तयार करता आलं तर कर. मी आडवा येणार नाही, दवाखान्याच्या दारात उभा राहीन. पण नवसाचं नाव मध्ये आणायचं नाही. तिला तोंडाने हो म्हणता यायला हवं, आणि नको म्हणताही यायला हवं. ती नको म्हणाली तर आपण दोघं काय करणार, ते मला माहीत नाही. मला तू समोर हवी आहेस, एवढंच कळतं.

माझ्यावरचा लोभ आटला तरी मी समजून घेईन. तिच्यावर मात्र राग धरू नकोस.
तुझा दादा