आमच्यात मारत नाहीत

डोंबिवली, १० जानेवारी १९५४, रविवार
नव्या वर्षाचं रेझोल्यूशन : डोकं शांत ठेवणे. थोडं उशिरा, पण पक्कं. सकाळी शेजारचा गुरुदत्त गॅलरीत बायकोची लुगडी पिळत होता. आमची सुमती बघून हसली. माझ्याकडे बघून अशी कधी हसत नाही. मला हेवा वगैरे वाटत नाही. लुगडी पिळणाऱ्याचा कसला हेवा.

१२ जाने., रात्री
सुमती म्हणाली, गुरुदत्त भावजी प्रत्येक गोष्ट बायकोला विचारून करतात. मी म्हटलं, मग जा तिकडेच राहायला. तर म्हणते, तिथे निदान माणसासारखं बोलतात. थोडी समज द्यावी लागली. उजव्या गालावर. वखारीतला धाकू बायकोला मारतो. ते अडाणी लोक. आमच्यात मारत नाहीत, समज देतात. आपली मराठी फार सूक्ष्म भाषा आहे.

१४ जाने., संक्रांत
तिळगूळ दिला, गोड बोल म्हटलं. बोलली नाही. गाल सुजलाय. कोणी विचारलं तर दाढ म्हणून सांगायचं ठरलं. (मी ठरवलं.) गुरुदत्तने लगेच लवंगेचं तेल आणून दिलं. दिवाळीत माझी दाढ ठणकत होती तेव्हा हे गृहस्थ कुठे होते?

१७ जाने., रविवार
गुरुदत्तच्या बायकोकडे, प्रमोदिनीकडे, हळदीकुंकू. बायकांनी सुमतीला नाव घ्यायचा आग्रह केला. उखाण्यात आमच्या हिचा हात कोणी धरणार नाही. बायका जमल्या म्हणून आमच्याकडे येऊन बसलेल्या गुरुदत्तलाही ऐकू जाऊ दे, म्हणून आमचं दार सताड उघडलं.

"संक्रांतीच्या सणाला हलव्याची वाटी,
हरिहररावांनी मारलं मला एका शब्दासाठी."

कोणी हसलं नाही. 'मारलं' काय ओंगळ शब्द. 'रागावले' सहज बसलं असतं, यमकही बिघडलं नसतं. दार लावून घेतलं.

१८ जाने.
सुमती कल्याणला भावाकडे गेली. माहेरपण. येईल दोन दिवसांत. चहा जमला नाही. ऑफिसला लेट.

२१ जाने.
कल्याणला जाऊन आलो. मेहुणा मधु म्हणाला, नवराबायकोत व्हायचंच, घेऊन जा. समंजस माणूस. सुमती बाहेरच आली नाही. रुसवा लांबलाय.

२४ जाने., रविवार
गुरुदत्त जेवणाचं ताट घेऊन आला. वहिनींनी पाठवलं का, विचारलं. म्हणाला, ती नको म्हणत होती, मीच आणलं. भाजी खारट होती असं लिहिणार होतो. नव्हती.

सुमती कधी येणार, काही बोलली का, असं सहज विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "हरिहरराव, त्या जाताना भेटून गेल्या. परत येणार नाही म्हणाल्या."

म्हणजे मी कल्याणला गेलो तेव्हा सगळ्या चाळीला ठाऊक होतं.