आईचा मंगळवार

पिन्यन, ६ मार्च १९९१

चि. लिअँडर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचल्याचं लगेच कळव, नेहमीसारखा महिना घालवू नकोस.

काल सुतकाचे चार दिवस पूर्ण झाले. आम्ही सगळ्यांनी केस धुतले, आईचे कपडे मामांनी तिच्याबरोबरच मातीत ठेवले होते. घरात आता तिचा बाहेर लावलेला पिकअप तेवढा उरलाय.

गावसभेच्या इमारतीच्या भिंतीवर तिच्या नावाची लोखंडी पाटी लावायचं तू जाताना मामांना बोलून गेलास. ते अजून फणफणताहेत. गेलेल्या माणसाचं नाव आपल्या जमातीत कुणी तोंडाने घेत नाही, आणि तू म्हणे ते रोज ऊन-पावसात लटकवणार! वेल्डिंग येतं म्हणून काय काहीही जोडायचं?

मला वेगळाच घोर लागलाय. काल मंगळवार होता. अठरा वर्षं दर मंगळवारी आई पिंपं भरून ओढ्यापलीकडच्या ग्लेनाबा आजीकडे पाणी न्यायची. तिकडे नळ नाही, आजी डोळ्यांनी अधू, एकटी. गेल्या मंगळवारी आई अंथरुणाला खिळलेली, काल आम्ही सुतकात. दोन मंगळवार कुणी गेलं नाही. आता मी जाणार. शाळेच्या स्वयंपाकघरातून मंगळवारी दुपारची सुटी मागून घेतलीय.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच, तुझीही असू दे.
तुझी ताई,
अर्लिंडा

फिनिक्स, ११ मार्च १९९१

ती. ताईस,
लिअँडरचा नमस्कार. बघ, पाच दिवसांत उत्तर!

तू जाणार म्हणजे चालवत जाणार? सोळाव्या वर्षी तू तोच पिकअप मेंढ्यांच्या वाड्यात घातला होतास. दोन मेंढ्या आयुष्यभर तुला बघून पळायच्या. बर्फ वितळतंय, ओढ्यात चिखल असेल. गाडीला हात लावू नकोस, दुसरं कुणी बघ.

पाटीचं म्हणशील, तर अक्षरं कापून झालीत. मामांना काय जातं बोलायला? तुम्ही सगळे तिच्याजवळ होतात. मी दोन वर्षं घरी आलो नाही. आलो तो थेट माती द्यायला. मला काहीतरी करायचंय ताई, डोळ्यांना दिसेल असं. इथे कारखान्यात कुणाला सांगू?

रागावू नकोस. लोभ कमी करू नकोस.
तुझा,
लिअँडर

पिन्यन, २० मार्च १९९१

चि. लिअँडर यास,
अनेक आशीर्वाद. दुसरं कुणी बघण्यात आणखी एक मंगळवार गेला, मिळालं नाही. मग काल मीच गेले.

ओढ्यापर्यंत झकास चालवली. ओढ्यात मात्र चाकं रुतली, गाडी कलंडली, मागचा कठडा मोडला आणि चारही पिंपं चिखलात. हस खुशाल. एका पिंपात तळाशी पाणी उरलं होतं, ते दोन बादल्यांत घेतलं आणि दोन मैल चालत गेले. हाताला फोड आलेत, अक्षर त्यामुळे असं.

ग्लेनाबा आजी मखमली पोलकं घालून दारात बसलेली. पावलं ओळखून म्हणाली की ही ती नव्हे, हिला चालायची घाई आहे. मग भडकलीच. तीन मंगळवार ती अशी तयार होऊन बसते, बर्फ वितळवून पिते, आणि आमच्या घरातल्या कुणाला तिची आठवण नाही म्हणे. तिला कुणी सांगितलंच नव्हतं रे. मी सांगितलं. तिने पातेल्यात पाणी ओतून घेतलं, चुलीवर ठेवलं, आणि मग विचारलं, त्या वेल्डिंगवाल्याच्या हाताचं भाजलेलं बरं झालं का, आणि तो खडूस मुकादम अजून आहे का.

मी चाटच पडले. तुझी इंग्रजी पत्रं मी आईला आपल्या भाषेत वाचून दाखवायचे, ती पुन्हा पुन्हा वाचायला लावायची. मला वाटायचं, आईला करमत नाही. ती पाठ करत होती! मंगळवारी पाणी ओतून झालं की शब्दन् शब्द आजीला ऐकवायची. तू आला नाहीस, पण फिनिक्सला गेल्यापासूनची सहाही वर्षं तू दर मंगळवारी त्या घरात होतास.

मामांनी ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. तोंडाचा पट्टा चालूच होता, पण आले. पुढच्या मंगळवारी ते आपल्या गाडीत पाणी घालून मला नेतील. त्यानंतर त्यांना मेंढ्यांमुळे जमणार नाही. मी थांबणार नाही, लिअँडर. कठड्याचं काय करायचं ते सांग.
माया असू दे,
ताई

फिनिक्स, २५ मार्च १९९१

ती. ग्लेनाबा आजीस,
लिअँडरचा साष्टांग नमस्कार. (ताई, हे पत्र तुला नाही. तिला मोठ्याने वाचून दाखव, आणि मधलं काही गाळू नकोस.)

हात बरा आहे, व्रण राहिला. मुकादम आहे, अजून तसाच आहे. आईला लिहिताना मी बऱ्याच गोष्टी छान छान करून लिहायचो. घरी यायला सवड नाही, हे त्यातलंच. सवड होती. तिला थकलेली बघायची हिंमत नव्हती. हे तिला सांगायचं राहिलं, म्हणून तुम्हाला सांगतो.

पाटीचं मी सोडून दिलंय. मामांना ताई सांगेल.

शनिवारी येतो. जाड नळ्यांचा नवा कठडा करतो, गाडी उलटली तरी पिंप हलणार नाही असा. ताईला गाडी शिकवतो. आणि दर महिन्याचा पहिला मंगळवार माझा, तेव्हा पाणी मी आणीन. मुकादमाला विचारलेलं नाही, सांगितलंय.

माझ्यावर राग असेल तर समोर बसवून बोला. ऐकून घेईन.
तुमचा,
लिअँडर