महागाथेचं वर्ष

१ जानेवारी, सकाळी ७.१०
पेपरात आलंय की हे वर्ष ॲनिमेशनचं. नुसतं आलं नाही, अर्धं पान दिलंय. हाताने काढलेल्या फिल्मला मोठं बक्षीस, टीव्हीवर एकदम तीन नव्या मालिका, मोठी माणसंसुद्धा आता कार्टूनला तिकीट काढून जाणार वगैरे. आमच्या धंद्याला दिवस आले आणि नेमका मी तयार.

संकल्प: 'महागाथा' याच वर्षी पूर्ण. सात राजे, तीन ग्रह, एक महायुद्ध. अकरा वर्षांत तीन मिनिटं चाळीस सेकंद झालीत. उरलेली शहाऐंशी मिनिटं डिसेंबरपर्यंत. रोज पहाटे पाच ते आठ. आज सुट्टी, म्हणून उद्यापासून.

२ जानेवारी
सर्दी.

९ जानेवारी
बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्याची नस सुकत चाललीय म्हणाले. गेलं ते येणार नाही, उरलंय ते थेंब घालून टिकेल तितकं. फार तर वर्ष. बाबांनी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. या डॉक्टरांच्या जुन्या इमारतीची पाटीही त्यांचीच, पण ते त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही.

परतताना बसमध्ये म्हणाले, "तुझा पिक्चर तेवढा बघून घेऊ दे." म्हटलं, ऑगस्टमध्ये नक्की. बायको खिडकीबाहेर बघत बसली. ती नर्स आहे. डोळ्यांतलं कळतं तिला, कलेतलं नाही.

१७ जानेवारी, ऑफिस
पेन्सिलचा फोन. बारा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली शिकायला आलेली पोरगी. अंगाने इतकी बारीक की साहेबांनीच हे नाव ठेवलं. खालून उजेड येणाऱ्या लाइटबॉक्सवर कागद कसा धरायचा हे मी शिकवलं तिला. आता ती अख्खी फिल्म दिग्दर्शित करतेय. यावरून धंद्याची अवस्था कळावी.

फिल्म एका पाट्या रंगवणाऱ्यावर आहे. चहाच्या सुट्टीत मी बाबांचे किस्से सांगायचो, ते तिने घेतलेत. चालेल ना, असं विचारत होती. आणि सिनेमातल्या पाट्यांवरची अक्षरं काढायला मी येईन का, असंही.

मनापासून हसलो. म्हटलं, घे, सगळे घे, पण त्यात फिल्म नाही हे वडीलकीच्या नात्याने सांगतो. माणूस शिडीवर चढतो, अक्षर काढतो, खाली उतरतो. युद्ध कुठाय? अक्षरांचं म्हणशील तर मला वेळ नाही. ती 'थँक्यू सर' म्हणाली. मनाचा मोठेपणा म्हणतात तो हाच असावा.

३ फेब्रुवारी
आमची अस्वलाची मालिका चौदाव्या वर्षात. मुख्य चित्रं दुसरे काढतात: अस्वलाचा हात खाली, अस्वलाचा हात वर. मधल्या सात चित्रांमधून तो हात खालून वर न्यायचा, तो मी नेतो. लोकांना हात दिसतो, मी दिसत नाही. खरी कला हीच, पण बक्षिसं देणाऱ्यांना कोण सांगणार.

पहाटेचं वेळापत्रक नव्याने आखलं. चार रंगांत. त्यात सकाळ गेली.

२२ मार्च
गाजत असलेली फिल्म बघायला सगळं ऑफिस गेलं. मी गेलो नाही. दुसऱ्याचं बघितलं की आपल्यात उतरतं.

पहिल्या राजाच्या दाढीत वाऱ्याची दिशा चुकली होती. तो भाग काढून टाकला. महागाथा आता दोन मिनिटं पन्नास सेकंद. पण ही दोन पन्नास पक्की.

११ एप्रिल
बाबा हल्ली दुपारी दाढी करतात. इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. वयाचा परिणाम. बायकोच्या सुट्टीच्या दिवशी मोरीत तीन कप दिसले. विचारलं तर बाबा म्हणाले, "येतं कुणी कुणी." बिल्डिंगमधले रिटायर्ड लोक असणार. बरंच आहे, माणसाला सोबत लागते.

६ मे
बाबांच्या नखांत निळा रंग. पेन गळत असेल. नवं आणून दिलं. त्यांनी ते बघून बायकोकडे बघितलं आणि दोघं हसले. मी घरी नसतो तेव्हा या दोघांचं बरं जमतं.

२ जून
मालिका बंद. साहेबांनी एकेकाला आत बोलावलं. अस्वलाचे हात आता मशीन वर-खाली करणार. मला म्हणाले, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. म्हटलं, लावून घ्यायचा प्रश्नच नाही, मलाच मोकळा वेळ हवा होता. त्यावर त्यांना एवढा धक्का बसला की उठून दार उघडून दिलं त्यांनी.

बायकोला सांगितलं, मी दीर्घ रजा घेतलीय. किती दीर्घ, म्हणाली. कलाकाराला असं विचारू नये. संध्याकाळी तिने हॉस्पिटलमध्ये फोन करून जादा ड्यूटी मागून घेतली. तिला कामाची आवडच आहे.

१५ जुलै, दुपारी ४
आता पूर्ण वेळ महागाथा. फक्त खुर्ची दोन इंच खाली आहे. सुताराला सांगितलंय. तोवर हात लावण्यात अर्थ नाही, मान धरते.

बाबांना कडेचं दिसेनासं झालंय. समोरचं तेवढं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. ऑगस्टचं काय झालं म्हणाले. तांत्रिक कारणांमुळे ऑक्टोबर, म्हटलं. मग झालंय तेवढं दाखव म्हणाले. दाखवलं. स्क्रीनला नाक लावून बसले.

"हा कोण?"

"राजा."

"काय करतो?"

"अजून काही करत नाही. उभा आहे."

बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बरा उभा आहे."

बाबा सहसा कुणाला बरं म्हणत नाहीत. फार उभारी आली. उद्यापासून पाचला उठायचं.

२७ ऑगस्ट
सुतार आला. खुर्ची आता दोन इंच वर.

१२ सप्टेंबर, संध्याकाळी ७
पेन्सिलची फिल्म लागली. तिने तीन पास पाठवले होते. मी तत्त्व म्हणून गेलो नाही. कुठलं तत्त्व, असं बायकोने विचारलं. तत्त्व असं उभ्या उभ्या सांगता येत नाही. शेवटी ती आणि बाबा दुपारच्या खेळाला गेले.

सहाला परत आले. बाबांचे डोळे लाल. मला वाटलं, थेंब राहिले घालायचे. ते भिंत चाचपत माझ्या टेबलापाशी आले, माझा खांदा शोधला, दाबला आणि म्हणाले, "चांगलं केलंस हो." आणि खोलीत जाऊन पडले.

मला आधी अर्थ लागला नाही. मग लागला. फिल्म माझी आहे असं वाटतंय त्यांना. साहजिक आहे. किस्से त्यांचे, सांगितलेले मला, आणि पडद्यावरची नावं त्यांना वाचता येणार नाहीत. बायको काही बोलणार होती, तिला मी हातानेच थांबवलं. एका म्हाताऱ्या माणसाचा आनंद हिसकावून घ्यायचा नाही. त्यासाठी खोट्याचा भार मी एकटा उचलीन. आणि नीट बघितलं तर खोटं कितीसं आहे? मी ते किस्से सांगितलेच नसते तर तिने काय रंगवलं असतं?

२० सप्टेंबर
पेपरात पेन्सिलचा फोटो. 'या भरघोस वर्षातली सर्वांत शांत फिल्म' असं लिहिलंय. शांत म्हणजे कंटाळवाणी, हे सभ्य भाषेत.

चहाच्या वेळी बाबांना सांगितलं की शिडीचा सीन किती जड गेला. पाय थरथरतोय हे दाखवायचं, पण शिडी हलली नाही पाहिजे. ते लक्ष देऊन ऐकत होते. किती दिवस लागले म्हणाले. चाळीस, म्हटलं. "चाळीस," म्हणाले आणि मान हलवली. बायको कप अर्धा टाकून आत गेली.

१८ ऑक्टोबर
बाबांना आता दिसत नाही. खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. दुपारी मला बोलावतात, पिक्चरचं सांग म्हणतात. मी सांगतो. फिल्म बघितलेली नसली तरी परीक्षणं वाचलीत सगळी, आणि माझा अनुभव आहेच. कधी कधी ते मध्येच म्हणतात, पावसात रंग ओघळतो ते शिडीच्या आधी होतं ना? म्हटलं, आधी होतं, मी मागे घेतलं, मग पुन्हा पुढे आणलं. पुष्कळ काथ्याकूट केला त्यावर.

बायकोने स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाली, "पुरे करा आता. निदान एकदा जाऊन बघून तरी या."

तिच्या बोलण्यात कुठेतरी मत्सर आहे. बाबा आधी दुपारी तिच्याशी बोलायचे.

९ नोव्हेंबर
पेन्सिल घरी आली होती. मी सुताराकडे होतो (खुर्ची). आलो तर ती बाबांच्या पायाशी बसलेली, आणि चहा करायला उठली तेव्हा साखरेचा डबा कुठे आहे ते कुणाला न विचारता उघडला. हल्लीच्या मुलींना संकोच नाही.

बाबा तिच्याशी फिल्मचं काही बोलतील आणि बिचाऱ्यांचा गैरसमज उघडा पडेल, या भीतीने मी दोघांच्या मध्ये बसलो आणि महागाथेबद्दल बोलत राहिलो. पाऊण तास. पाणीसुद्धा प्यायलो नाही. कुणासाठी काय काय करावं लागतं.

जाताना दारात म्हणाली, पुढची फिल्म सुरू होतेय, सगळी हाताने. "सर, तुमच्याइतका सफाईचा हात मला अजून मिळालेला नाही. मधली चित्रं कराल?"

मधली. मला. मी म्हटलं, लेखी पाठव. तिने पाठवलं. पाकीट टेबलावर आहे. उघडायची घाई नाही, जरा वाट बघू दे.

३ डिसेंबर
महागाथेबद्दल महत्त्वाचा निर्णय: सात राजे फार होतात. एकच राजा. म्हणजे सहा सप्तमांश काम आजच संपलं.

२८ डिसेंबर, दुपारी ३
बायकोने सकाळी टेबलावर एक तिकीट ठेवलं आणि ड्यूटीला गेली. पेन्सिलच्या फिल्मचा शेवटचा आठवडा. गेलो. बाबांना तपशील नीट सांगता यावेत, एवढ्याचसाठी.

अकराचा खेळ. हॉलमध्ये सात माणसं.

फिल्ममध्ये माणूस शिडीवर चढतो, अक्षर काढतो, उतरतो. शिडीचा सीन खालून घेतलाय, नुसत्या टाचा दिसतात, टाचांना वाळलेला रंग. पाय थरथरत नाही. मी उगीच थरथरवत होतो. पावसाचा सीन बाबा म्हणत होते तिथेच आहे, आधी.

शेवटी त्या माणसाला दिसेनासं होतं. शेवटच्या पाटीचं शेवटचं अक्षर तो बोटांनी अंतर मोजून काढतो. एक वीत, दोन बोटं, मग कुंचला. हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं.

मग नावं. मी नावांना थांबत नाही, पण आज उठायला जमलं नाही. माझं नाव 'आभार'मध्ये आहे, बरोबर लिहिलंय. त्याच्या बरंच वर, एकटीच, एक ओळ आली: 'पाट्यांवरची अक्षरं', आणि खाली बाबांचं पूर्ण नाव. छापलेलं नव्हतं. हाताने काढलेलं, निळ्या रंगात. त्यांच्या त्या वेलांट्या मी लहानपणापासून बघतोय.

दिवे लागल्यावर सफाईवाल्या बाईंनी दोनदा सांगितलं तेव्हा उठलो.

३१ डिसेंबर, संध्याकाळी ६
दोन दिवस बाबांच्या खोलीत गेलो नाही. आज त्यांनीच हाक मारली. गेलो, म्हटलं, फिल्म बघून आलो. "हां," म्हणाले. मग मी अक्षरांचं विचारलं.

त्यांनी सांगितलं. एप्रिल आणि मे, बायकोला सुट्टी असेल त्या प्रत्येक दुपारी पेन्सिल यायची. ती कागद धरायची, बायको थेंब घालायची, बाबा काढायचे. एकसष्ट पाट्या काढल्या. मला सांगू नका, असं त्यांनीच दोघींना बजावलं होतं. मला वाईट वाटेल म्हणून.

म्हटलं, पण तुम्ही तर त्या दिवशी मला म्हणालात, चांगलं केलंस.

"अरे, तू तिला नाही म्हणालास. म्हणून ती माझ्याकडे आली. चांगलंच केलंस की."

मग विचारलंच की मी एवढे महिने शिडीचं, पावसाचं सांगत होतो, तेव्हा का नाही थांबवलं.

त्यांनी चादर नीट केली. "शिडीला नऊ दिवस लागले, ती सांगत होती. चाळीस नाही." आणि म्हणाले, "सांगत होतास, सांगू दिलं. दुपार जाते."

मग त्यांना झोप लागली. किंवा लागली असं दाखवलं.

टेबलाशी येऊन पेन्सिलचं पाकीट उघडलं. तिने स्वतःच्या हाताने लिहिलंय, दोन पानं, फार आदराने. उत्तर पंधरा डिसेंबरपर्यंत हवं होतं.

बायको ड्यूटीवरून आली. हातातलं पत्र बघून कुणाचं आहे म्हणाली.

काही नाही, म्हटलं. जाहिरात.