गोंड्याची निळी टोपी

बेडोक, सिंगापूर
१० जुलै २०१६

ती. दादास,

मधूचा नमस्कार. नीतावहिनींनाही सांग. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून हे पोस्टानं. अक्षर ओळखून लगेच फाडू नकोस, आधी वाच आणि मग खुशाल फाड. आम्ही मजेत आहोत. श्रीनिवासची बेटाच्या पार दुसऱ्या टोकाची, तुआसची नोकरी चालू आहे. येण्याजाण्यात त्याचा जीव जातो आणि घरी आल्यावर तो माझा खातो.

तुला ती गोंड्याची निळी मखमली टोपी आठवते? माझ्या चैत्रालीच्या बोरन्हाणाला आमच्या शेजारच्या अ‍ॅग्नेस आंटींनी दिली होती. "माय ग्रँडफादर्स. फॉर बेबी, लाह," एवढंच म्हणाल्या होत्या, त्यांच्या सिंगापुरी ढंगात. आईनं तिच्यावर हलव्याची फुलं टाचली, पुढचं भरतकाम कमळ समजून त्याला हळदकुंकू वाहिलं. नंतर तुझ्या वरुणच्या बोरन्हाणासाठी आई ती पुण्याला घेऊन गेली आणि टोपी तुझ्या कपाटातच राहिली.

दादा, ते कमळ नव्हतं. स्कॉटलंडचं काटेरी फूल होतं. देशाकडून फुटबॉल खेळलेल्या माणसाला तिथे मान म्हणून टोपी देतात, ती ही टोपी. आणि आपण तिच्यावर बोरं, चुरमुरे ओतले! गेल्या महिन्यात हे कळलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आंटी मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. आजोबांनी बजावलं होतं म्हणे, टोपी काचेत ठेवायची नाही, पोरांच्या डोक्यावर ठेवायची.

त्या आजोबांचं नाव ह्यू लॉडर. कोळशाच्या खाणीतलं पोर. दिवसभर जमिनीखाली राबायचा आणि वर आला की काळ्या तोंडानंच खेळायला पळायचा. पुढे ग्लासगोच्या एका क्लबनं त्याला पगारावर घेतलं. तो बचावाला असायचा. गोल केला नाही कधी, पण त्याला चुकवून पुढे जाणं महाकठीण, असं आंटी छाती पुढे काढून सांगतात. जणू मैदानाच्या कडेला त्याच उभ्या होत्या! १९०९ साली तो देशाकडून खेळला. एकदाच. पुढच्या वर्षी गुडघा गेला, खेळ संपला, आणि इथल्या गोदीत फिटर म्हणून तो बोटीनं आला. मग इथल्या मुलांना फुटबॉल शिकवत राहिला.

त्याचा बाप भलताच करारी. चेंडू लाथाडून जगणारा मुलगा त्याला नको होता. एकही सामना बघायला आला नाही. टोपी मिळाली तेव्हा ह्यूनं ती स्वतःच्या डोक्यावरही न ठेवता बापाला पाठवली. ती पोस्टानं परत आली, सोबत एक ओळसुद्धा नव्हती. आंटी म्हणतात, म्हातारपणी गुडघ्याबद्दल आजोबा थट्टा करायचे. त्या पार्सलबद्दल मात्र कधीच नाही.

आता तू म्हणशील, मधू हे सगळं मला कशाला ऐकवते आहे.

तू खटपट करून मिळवलेली इंजिनीअरिंगची जागा चैत्रालीनं फुटबॉलसाठी सोडली, याचा राग मला कळतो. तू तिच्यासाठी खोलीसुद्धा रंगवून घेतली होतीस. पण दादा, पोरगी खेळताना बघ रे एकदा! तीही बचावालाच असते. समोरची धावत येते आणि ही शांतपणे चेंडू काढून घेते, तू समोरच्याच्या ताटातली बर्फी उचलायचास ना, तशी. मला अभिमान वाटतो. फार वाटतो.

तिची सिंगापूरच्या राष्ट्रीय संघात निवड झाली आहे. पाच ऑगस्टला पहिला सामना, लिटिल इंडियाजवळच्या मैदानावर. आणि त्यासाठी तिनं भारताचं सोडून इथलं नागरिकत्व घेतलं आहे. हे वाक्य लिहायचं म्हणून सकाळपासून तीनदा चहा केला. बोल मला काय बोलायचं ते, पण समोर येऊन बोल.

निवड कळल्यावर आंटींनी टोपीची चौकशी केली. चैत्राली म्हणाली, "मामाकडे आहे, आंटी. ही'ज कीपिंग इट सेफ, लाह." मग मला हळूच विचारलं, "आई, मामानं माझा फोटो काढून टाकला असेल का गं?" तुमच्या हॉलमधल्या त्या बोरन्हाणाच्या फोटोत ती तुझ्या मांडीवर आहे आणि टोपी घसरू नये म्हणून तू हातानं धरली आहेस.

आंटींना टोपी परत नको आहे. ती चैत्रालीचीच, म्हणतात. सामन्याआधी तिच्या डोक्यावर ठेवा, एवढीच त्यांची इच्छा.

ते काम मामाचं आहे. तुझं तिकीट काढून ठेवलं आहे, माझ्या शेजारच्या खुर्चीचं.

तुझी वाट बघते. टोपी पोस्टानं पाठवू नकोस.

तुझीच,
मधू