सहीच्या वरची जागा

विलेपार्ले (पूर्व),
२० नोव्हेंबर १९८५

प्रिय शुभा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. फोटो पाठवला नसतास तरी चाललं असतं, कारण तुझ्या आईने तिच्याकडचा फोटो तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना दाखवला होता. लाल कोट तुला शोभतो. पाठीमागचं झाडही लालच आहे, त्यामुळे तू पटकन दिसत नाहीस.

इकडे सगळे बरे आहेत. भाऊंचं ब्लडप्रेशर सध्या ताळ्यावर आहे. मी अजून अंधेरीला एमआयडीसीतल्या त्याच रंगाच्या कारखान्यात, त्याच लॅबमध्ये. ज्या रंगाची बॅच, त्या रंगाची नखं. या आठवड्यात निळी आहेत. आई मला चमच्याने जेवायला लावते.

दिवाळीत तुझी आई फराळाला आली होती. चकली मोडता मोडता म्हणाली, "उत्तरा, तुझा स्कोअर तर आमच्या शुभापेक्षा कितीतरी जास्त होता ना गं? मग तुझं का नाही झालं?" वाईट मनाने नाही विचारलं, मला ठाऊक आहे. आई घाईघाईने म्हणाली, "नशीब एकेकाचं." मी चहा बघायच्या निमित्ताने आत गेले आणि तो उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

प्रश्न बरोबरच आहे. जीआरईला माझे एकवीसशे दहा, तुझे अठराशेसुद्धा नाहीत. आठवतं, न्यू मरीन लाइन्सच्या अमेरिकन लायब्ररीत आपण ते जाडजूड गाइड उघडून बसायचो? कुठल्या विद्यापीठात किती स्कोअर असला तर बाहेरच्या मुलांना कितपत आशा, ते त्यात दिलेलं असायचं. तुझ्या स्कोअरपाशी आलं की तुझा चेहरा पडायचा आणि मी तुझी समजूत काढायचे. आतून मला बरं वाटायचं. मग दोघींनी एकाच ठिकाणी अर्ज केला. तुला प्रवेश मिळाला, वर खर्च भागवणारी असिस्टंटशिप. मला छान कागदावर सभ्य नकार.

शुभा, मी तुझ्यावर जळते. सहार विमानतळावर तुला हार घातला तेव्हाही जळत होते. तू लिहितेस, तिकडे रविवारी फार एकटं वाटतं, खोलीत बसून रडू येतं. ते वाचून मला तुझी दया यायला हवी. मला वाटतं, दे तो रविवार इकडे, मी रडते तुझ्याऐवजी.

हे सगळं मी लिहिणार नव्हते. पण तुझ्या पत्राचं शेवटचं पान वाचलं आणि राहवेना. तुझे प्रोफेसर म्हणे तुला म्हणाले, स्कोअर बघून तुझा अर्ज बाजूला ठेवला होता, मग आपल्या कॉलेजच्या सरांचं शिफारसपत्र वाचलं आणि परत उचलला. तू पुढे लिहितेस, "सर मला इतकं ओळखतात हे मला कधी कळलंच नाही. माझ्या वतीने त्यांना पेढे नेऊन दे." पेढे मी आणले, आणि मीच खाल्ले. सरांना तू नीट आठवतसुद्धा नाहीस गं. ते पत्र मी लिहिलं होतं.

गेल्या नोव्हेंबरात तू टायफॉइडने अंथरुणाला खिळली होतीस. दोघींचे कागद घेऊन मीच सरांकडे गेले. ते म्हणाले, "तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो." ते सगळ्यांनाच तसं सांगतात. तुझं पत्र मी एका बैठकीत लिहिलं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कॉलेजच्या लॅबमध्ये तुझा काचेचा कंडेन्सर फुटला, तेव्हा बाकीच्या म्हणाल्या आमची रीडिंग्ज उतरव, आणि तू सगळं धुऊन पहिल्यापासून मांडलंस, ते लिहिलं. उत्तर चुकलं तर चुकलं म्हणतेस, ते जुळवून आणत नाहीस, तेही लिहिलं. पान भरलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि तेच मला जास्त लागतं.

मग स्वतःचं लिहायला बसले आणि हात चालेना. आपल्या तोंडाने आपली वाहवा कशी करायची? आमच्याकडे पहिला नंबर आला तरी भाऊ म्हणायचे, "ठीक आहे, पाय जमिनीवर असू देत." शेवटी लिहिलं, ही विद्यार्थिनी नियमित, कष्टाळू आणि विनयशील आहे, वर्तणूक चांगली. चार ओळी. म्हटलं, बाकीचं स्कोअर बोलेल. सरांनी न वाचता दोन्हींवर सही केली. तिकडे त्यांनी काय बघितलं असेल? एकच प्राध्यापक, एकीबद्दल भरभरून लिहितोय आणि दुसरीला चार ओळींत वाटेला लावतोय. त्यांच्या जागी मी असते तर मीही तुलाच घेतलं असतं.

मी यंदा पुन्हा अर्ज करते आहे. भाऊ म्हणालेत, ही शेवटची खेप, मग चेंबूरचं ते स्थळ बघायचं. सरांनी या वेळी कॉलेजच्या कोऱ्या लेटरहेडवर खाली सही आधीच करून दिली. "वर काय हवं ते टाइप कर," म्हणाले. रोज कारखान्यातून आल्यावर कच्चा मसुदा करायला बसते. 'विनयशील'च्या पुढे गाडी जात नाही.

तो कागद सोबत ठेवला आहे. तू लिही. तुझ्या डिपार्टमेंटमध्ये टाइपरायटर आहे म्हणालीस. डिसेंबर संपायच्या आत माझ्याकडे परत आला तर मी इथलं तिकीट लावून वेळेत पाठवू शकेन.

तुझ्याकडे हे मागताना मला किती जड जातंय, ते तुला कळेल. हेवा गेलेला नाही. हे पत्र वाचून झाल्यावर तुझ्याही मनात माझ्याबद्दल काही उरणार नाही कदाचित. सरांनी तुझं कौतुक केलं असं तुला वाटत होतं, तेवढाही आनंद मी तुला ठेवला नाही. पण लॅबमध्ये मला इतक्या जवळून तुझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही. काही चांगलं आठवलं तर लिही, खोटं नको. नाही आठवलं, तर कागद कोराच परत पाठव. चार ओळी मला पाठ आहेत.

तुझी,
अजून तरी चार ओळींचीच,
उत्तरा