लाल्याच्या टापा

मुंबई, १२ जानेवारी १९८६

तीर्थरूप बाबांना श्रावणचा सविनय जयभीम.

पांढुर्ण्याच्या टॉकीजात पाहिलेला तो घोडेवाल्यांचा जुना इंग्रजी सिनेमा आठवते का? "घोडं लंगडून राहिलं अन् टापा धडधाकट," असं तुम्ही मोठ्यानं बोलले, अन् सारी टॉकीज तुमच्यावर हसली. मले लाज वाटली होती.

तोच सिनेमा आता हिंदीत नव्यानं निघाला. त्यातल्या घोड्याच्या टापा मी वाजवल्या, स्टुडिओत मुरमावर गुडघे टेकून, नारळाच्या करवंट्यांनी. गुडघे थोडे सुजले, पण आईले सांगू नका.

काल थेटरात पब्लिकमध्ये बसलो. घोडा अजून दिसायचाच होता, नुसत्या टापा ऐकू येऊन राहिल्या होत्या. मागून एक टांगेवाला बोलला, "याचा मागचा डावा पाय गेला." मंग घोडा लंगडतच आला. लोकायनं इतक्या शिट्ट्या मारल्या का हिरोचं बोलणं ऐकूच आलं नाही.

ती चाल आपल्या लाल्याची आहे, बाबा. त्याचा पाय कसा आहे? स्टेशनच्या सवारीले अजून टांग्याले जुंपता का त्याले?

सिनेमा तिकडे आला का डोळे मिटून ऐका. लाल्या ओळखू आला, तर तेव्हासारखंच मोठ्यानं बोला.

तुमचा,
श्रावण